व्हेरिकोज व्हेन्स: व्हॉल्व्ह खराब होतात, पण कशामुळे?

प्रश्न: माझं वय ३९. मी शिक्षिका आहे, दिवसाचे पाच-सहा तास उभी असते. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी डाव्या पोटरीवर शिरा फुगल्या, त्या नंतर कमी झाल्या पण पूर्ण गेल्या नाहीत. आता संध्याकाळपर्यंत पाय जड होतो, घोट्याशी सूज येते, रात्री पोटरीत गोळा येतो. आईलाही हाच त्रास होता. डॉक्टर म्हणाले, व्हॉल्व्ह खराब झालेत. पण ते खराब होतात कशामुळे? उभं राहून? पायावर पाय टाकून बसण्याची सवय आहे, त्यामुळे? की आईकडून आलं? नोकरी बदलावी का?

उत्तर:

तुम्ही विचारलेली कारणं बरीचशी बरोबर आहेत, फक्त त्यांचा क्रम बदलावा लागेल. बहुतेक जण सुरुवात उभं राहण्यापासून करतात, कारण ते रोज डोळ्यांसमोर असतं. मी तुमच्या आईपासून सुरुवात करेन, मग बाळंतपण, आणि उभं राहणं सगळ्यात शेवटी. आणि पायावर पाय टाकून बसण्याला या यादीतून आत्ताच काढून टाका. त्याने शिरा फुगतात, याला पुरावा नाही.

हा क्रम असा का, हे कळण्यासाठी पायातलं रक्त वर कसं जातं ते पाहावं लागेल.

स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याचे साधारण ८० ते १०० मिलिमीटर इतका दाब असतो. निरोगी माणसातही इतकाच. हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा जो उभा स्तंभ आहे, त्याचं ते वजन आहे. उंच माणसात थोडं जास्त, बुटक्यात थोडं कमी. म्हणजे नुसत्या उभं राहण्याने दाब वाढतो तो सगळ्यांचाच. फरक पडतो तो चालायला लागल्यावर. पोटरीचा स्नायू आवळला की तो आतल्या खोल शिरा पिळतो आणि रक्त वर ढकललं जातं. स्नायू सैल पडला की त्या रिकाम्या झालेल्या खोल शिरा त्वचेखालच्या शिरांमधलं रक्त आत ओढून घेतात. असं काही पावलं चाललं की निरोगी पायात घोट्याजवळचा दाब ३० च्या खाली येतो.

व्हेरिकोज व्हेन्स असलेल्या पायात तो असा खाली येत नाही. पोटरी रक्त वर ढकलते, पण त्यातलं बरंचसं गळक्या शिरेतून परत खाली उतरतं. आजार आहे तो हा: चालतानाही न उतरणारा दाब. फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा हा त्याचा दिसणारा भाग. जडपणा, सूज, खाज, पुढे घोट्याजवळ येणारा काळेपणा, सगळं त्याच एका दाबातून निघतं.

रक्त खाली उतरू नये म्हणून शिरांच्या आत व्हॉल्व्ह असतात. प्रत्येकात दोन अगदी पातळ पडदे, रक्त वर जाताना उघडणारे आणि उलटं फिरलं की एकमेकांना भिडणारे. इटलीतल्या पादुआचे शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन छापलं. त्यांना ते रक्ताचा वेग कमी करणारे वाटले. त्यांचे विद्यार्थी विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडताना याच व्हॉल्व्हचा पुरावा दिला, की शिरांमधलं रक्त हृदयाच्याच दिशेने जाऊ शकतं.

मात्र हे व्हॉल्व्ह शरीरात सगळीकडे सारखे नसतात. पोटातून हृदयाकडे जाणाऱ्या सर्वांत मोठ्या शिरेत ते नसतातच. तिच्या खालच्या मोठ्या फाट्यांतही बहुधा नसतात. त्यामुळे जांघेत, जिथे पायाच्या आतल्या बाजूने वर येणारी लांब शीर खोल शिरेला मिळते, तिथल्या व्हॉल्व्हवर अनेकांच्या बाबतीत थेट हृदयापर्यंतच्या स्तंभाचा भार येतो. खोकलं, शिंकलं, वजन उचललं, की त्यात पोटातल्या दाबाची भर. तो व्हॉल्व्ह हरला, की गळती मांडीतून खाली उतरते.

इथे एक गोष्ट रुग्णांना नेहमी कोड्यात टाकते. शिरा दिसतात पोटरीवर आणि डॉक्टर तपासतात जांघ. ही लांब शीर स्वतः पातळ पण चिवट आवरणांच्या मध्ये असते, त्यामुळे ती रुंदावली तरी फारशी वाकडी होत नाही, बाहेरून दिसतही नाही. तिच्या फांद्या मात्र त्वचेच्या लगेच खाली असतात, त्यांना चरबी आणि कातडीशिवाय आधार नाही. दाब त्यांच्यात पोचला की त्या फुगतात आणि नागमोडी होतात. तुमच्या पोटरीवर जे दिसतंय तो गळतीचा शेवट आहे, सुरुवात एक हात वर असू शकते. नुसत्या पोटरीवरच्या शिरा काढून किंवा इंजेक्शनने बंद करून त्या पुन्हा येतात, याचं हे एक मोठं कारण.

आता तुमचा मूळ प्रश्न, व्हॉल्व्ह खराब होतात कशामुळे. फार काळ असं मानलं जायचं की आधी जांघेतला व्हॉल्व्ह निकामी होतो, मग त्याच्या खालचा, मग त्याच्याही खालचा. जर्मन सर्जन फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९० मध्ये ही लांब शीर मांडीत बांधून टाकायची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, ती याच विचारातून. पण सोनोग्राफीने शिरांमधला प्रवाह प्रत्यक्ष दिसायला लागला तेव्हा चित्र इतकं सरळ राहिलं नाही. अनेकांमध्ये पोटरीतली शीर गळत असते आणि जांघेतला व्हॉल्व्ह ठणठणीत असतो. व्हॉल्व्ह शाबूत, पण त्याच्या खालचा शिरेचा तुकडा फुगलेला, असंही सापडतं. गळती वरूनच सुरू होत असती तर हे जुळलं नसतं.

म्हणून आता लक्ष शिरेच्या भिंतीकडे गेलं आहे. ही भिंत टिकते ती कोलॅजेन (मजबुती देणारं प्रथिन), इलास्टिन (लवचिकपणा देणारं प्रथिन) आणि गुळगुळीत स्नायूंच्या पेशी यांच्या जोरावर. व्हेरिकोज शिरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर कोलॅजेनच्या प्रकारांचं प्रमाण बिघडलेलं, इलास्टिनचे तंतू तुटलेले आणि स्नायूपेशींची रचना विस्कटलेली दिसते. अशी भिंत रोजच्या दाबाने हळूहळू रुंदावते. नळी रुंद झाली तरी व्हॉल्व्हचे पडदे तेवढेच राहतात, त्यांच्या कडा एकमेकींपर्यंत पोचत नाहीत आणि मध्ये फट राहते. फटीतून रक्त खाली आलं की खालच्या तुकड्यावर दाब वाढतो, तोही रुंदावतो. शिवणीचा एक टाका सुटला की पुढची शिवण उसवत जाते तसं हे चालू राहतं. त्यात रक्त साचून संथ झालं की पांढऱ्या पेशी शिरेच्या आतल्या अस्तराला चिकटतात, तिथे दाह सुरू होतो आणि त्यातून बाहेर पडणारी विकरं भिंत आणि पडदे दोन्ही आणखी झिजवतात.

व्हॉल्व्ह आधी की भिंत आधी, यावर तज्ज्ञांचं पूर्ण एकमत नाही. माझा कौल भिंतीच्या बाजूने आहे. बहुतेक रुग्णांमध्ये व्हॉल्व्ह खराब होणं हा दुसरा टप्पा असतो.

आणि भिंत कशी मिळते, तर जन्मतः. म्हणून आई. फ्रान्समध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या आणि त्रास नसलेल्यांच्या आई-वडिलांना प्रत्यक्ष तपासलं होतं. आई आणि वडील दोघांनाही त्रास असेल तर मुलांमधला धोका ९० टक्के निघाला. एकालाच असेल तर मुलींमध्ये ६२ आणि मुलग्यांमध्ये २५ टक्के. दोघांनाही नसेल तरी २० टक्के. अभ्यास छोटा होता, त्यामुळे हे आकडे घट्ट धरून बसू नका, पण त्यांचा कल प्रत्यक्षात रोज दिसतो तसाच आहे. पुढे २०१८ मध्ये ब्रिटनच्या बायोबँकेतल्या, म्हणजे संशोधनासाठी जमवलेल्या आरोग्य-माहितीच्या साठ्यातल्या, जवळपास पाच लाख लोकांच्या माहितीवरून या आजाराशी जोडलेल्या जनुकांच्या ३० जागा दाखवल्या गेल्या. म्हणजे एखादंच जनुक आईकडून आलं आणि आजार झाला, इतकं सोपं ते नाही. त्याच अभ्यासात उंची हाही स्वतंत्र धोका म्हणून पुढे आली. वर सांगितलेला रक्ताचा स्तंभ आठवला तर यात नवल वाटायला नको, पण जनुकांच्या पातळीवरही तो संबंध दिसला, हे विशेष.

बाळंतपणाबद्दल एक गैरसमज अगदी पक्का आहे, की वाढलेलं गर्भाशय शिरा दाबतं म्हणून पाय फुगतात. ते खरं आहे, पण शेवटच्या महिन्यांसाठी. पुष्कळ स्त्रियांमध्ये शिरा पहिल्या तीन महिन्यांतच दिसायला लागतात, तेव्हा गर्भाशय एवढं मोठं झालेलंच नसतं. तिथे काम करतं ते प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन). ते शिरांच्या भिंतीतले स्नायू सैल करतं. शिवाय गरोदरपणात शरीरातलं रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत वाढतं. सैल भिंत आणि जास्त रक्त हे दोन्ही एकाच वेळी आलं, की मुळात कमजोर असलेली शीर रुंदावते. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बरीचशी पूर्ववत होते. वर्षभरात जी होत नाही ती सहसा तशीच राहते, आणि पुढच्या खेपेला तिथूनच पुढे वाढते. तुमचं तेच झालेलं दिसतं.

डावा पाय का, हेही सांगते. डाव्या पायाकडून वर जाणारी मोठी शीर कटिभागात उजव्या पायाकडे जाणाऱ्या धमनीच्या मागून जाते आणि ती धमनी व मणका यांच्या मध्ये थोडी दबते. बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. पण गरोदरपणात डावा पाय जास्त सुजण्यात आणि डाव्या पायात गुठळी जास्त होण्यात याचा वाटा असतो. तुमच्या शिरा मांडीच्या मागच्या बाजूला किंवा जननेंद्रियाजवळही असतील, पाळीच्या दिवसांत ओटीपोट जड वाटत असेल, तर तपासणाऱ्याला ते आवर्जून सांगा. अशा वेळी गळती पायातून न येता ओटीपोटातल्या शिरांमधून येत असते. संकोचामुळे हे बरेचदा सांगितलंच जात नाही.

हा बायकांचाच आजार आहे, हेही पूर्ण खरं नाही. एडिंबरामध्ये १८ ते ६४ वयाच्या सर्वसामान्य लोकांना तपासून १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुख्य शिरांच्या व्हेरिकोज व्हेन्स पुरुषांमध्ये ४० टक्के आणि स्त्रियांमध्ये ३२ टक्के आढळल्या. दवाखान्यात मात्र बायका जास्त येतात. पुरुष पँटखाली झाकून वर्षानुवर्षं काढतात आणि पाय काळा पडल्यावर किंवा जखम झाल्यावर उगवतात.

आता उभं राहणं. डेन्मार्कमध्ये नोकरदारांवर झालेल्या अभ्यासांत दिवसाचा बहुतेक वेळ उभ्याने काम करणाऱ्यांना या आजारासाठी रुग्णालयात दाखल होण्याचा धोका इतरांपेक्षा स्पष्ट जास्त दिसला. तेव्हा उभं राहणं निर्दोष नाही. पण वर्षानुवर्षं उभ्याने काम करूनही पाय स्वच्छ असलेली माणसं तुम्हालाही माहीत असतील. उभं राहण्याने चांगली भिंत बिघडते असं मी म्हणणार नाही. कमजोर भिंतीचा आजार लवकर दिसतो आणि लवकर वाढतो, एवढं नक्की. त्यातही उभं राहणं आणि चालणं यांत फार अंतर आहे. एका जागी स्तब्ध उभं राहिलं तर पोटरीचा पंप बंद असतो. तास-दोन तास पाय खाली सोडून खुर्चीत बसलं तरी तो बंदच. वर्गात बाकांमधून फेऱ्या मारणारी शिक्षिका आणि फळ्यापाशी एकाच जागी उभी राहणारी शिक्षिका, दोघींचे तास सारखे असले तरी पायांवरचा भार सारखा नाही. त्यामुळे नोकरी बदलू नका. फळ्यापासून हला, उभ्या उभ्या टाचा उचला, मधल्या सुट्टीत पाय खुर्चीवर घ्या.

या पंपाबद्दल आणखी एक गोष्ट, जी कारणांच्या यादीत क्वचितच सापडते. पोटरी चालते ती घोटा हलला तर. जुना फ्रॅक्चर, संधिवात, किंवा नुसतं वय झाल्यामुळे घोटा आखडला असेल तर माणूस चालतो, पण पाय जमिनीवर सपाट आपटत. पोटरी नीट आवळतच नाही. घोट्याजवळ जुनाट जखमा घेऊन येणाऱ्या वयस्कांचा घोटा मी शिरांच्या आधी हलवून बघते.

वजन वाढलेलं असेल तर पोटातला दाब वाढतो आणि पायातून वर येणाऱ्या रक्ताला अडथळा होतो. लठ्ठ माणसांत त्वचेचे बदल आणि जखमा जास्त दिसतात, हे निश्चित. बद्धकोष्ठ आणि कुंथण्याचा मुद्दा ब्रिटिश सर्जन डेनिस बर्किट यांनी १९७२ मध्ये मांडला होता. आहारात चोथा कमी म्हणून कुंथणं, कुंथण्याने पोटात दाब, आणि त्यातून शिरा. विचार आकर्षक आहे, पण नंतरचे पुरावे डळमळीत निघाले. बद्धकोष्ठ इतर कारणांसाठी बरं करा. गरम पाण्याने वरवरच्या शिरा तात्पुरत्या पसरतात आणि पाय जास्त ठणकतो, पण त्याने आजार होत नाही. कोलेस्टेरॉलचा तर याच्याशी काही संबंध नाही; ते धमन्यांचं दुखणं. आणि त्वचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या लाल-निळ्या बारीक रेषा, ज्या एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीच्या असतात, त्यांच्यामागे मोठी गळती असतेच असं नाही. व्हेरिकोज म्हणतात ते तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड झालेल्या शिरांना.

इथवर जे लिहिलं ते नेहमीच्या प्रकाराबद्दल. थोड्या लोकांमध्ये मात्र शिरा फुगण्याचं कारण दुसरीकडे असतं आणि तिथे गफलत महागात पडते. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खोल शिरेत पूर्वी होऊन गेलेली गुठळी. पायाला प्लास्टर होतं, मोठं ऑपरेशन झालं, बाळंतपणानंतर एक पाय खूप सुजला होता आणि मग आपोआप उतरला, अशी हकीकत असते. गुठळी विरघळताना व्हॉल्व्हचे पडदे जायबंदी करून जाते, किंवा शीर अर्धवट बंदच राहते. मग वरच्या शिरा फुगतात त्या पर्यायी रस्ता म्हणून. त्या न तपासता काढल्या तर पायाचं नुकसानच होतं. ओटीपोटावर किंवा जांघेच्या वर आडव्या फुगलेल्या शिरा दिसल्या तर वरची मोठी शीर बंद असल्याची शंका घ्यावी. कधीच त्रास नसलेल्या वयस्क माणसाच्या एकाच पायावर अचानक शिरा आल्या आणि पाय सुजला, तर पोटाचीही तपासणी करावी, तिथे एखादी गाठ दाबत नाही ना हे पाहण्यासाठी. लहान मुलाच्या पायावर जन्मापासून लालसर डाग, शिरा आणि पाय दुसऱ्यापेक्षा लांब किंवा जाड असेल तर तो जन्मजात विकार असतो, त्याची वाट वेगळी.

म्हणून तुमच्यासाठी पुढची पायरी डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरांमधलं रक्त कुठल्या दिशेने वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी. ती उभ्याने करून घ्या. झोपून केलेल्या तपासणीत स्तंभाचं वजनच नसतं, त्यामुळे गळती निसटू शकते. त्वचेखालच्या शिरेत रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं तर ती गळती मानतात. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: गळती नेमकी कुठून सुरू होते, कुठपर्यंत जाते आणि खोल शिरा मोकळ्या आहेत का. नुसतं ‘व्हेरिकोज व्हेन्स आहेत’ एवढंच लिहून आलं तर त्या कागदाचा उपयोग नाही, ते तुम्हाला आरशातही दिसतंय.

उपचार त्यावरून ठरेल. लांब शीर गळत असेल तर ती आतून लेसरने किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने बंद करता येते. शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून, ही भीती सगळ्यांना वाटते. पायातलं जवळपास ९० टक्के रक्त खोल शिरांमधून वर जातं, आणि तुमची ती शीर तशीही उलटंच वाहते आहे. दाबाचे मोजे घातलेले असतात तोवर काम करतात, काढले की नाही. खराब व्हॉल्व्ह त्यांनी दुरुस्त होत नाही. गोळ्यांनीही होत नाही, मग त्या कुठल्याही पद्धतीच्या असोत. मोजे घेण्याआधी पायाच्या धमन्यांचे ठोके मात्र तपासून घ्यावेत, विशेषतः मधुमेह असेल किंवा धूम्रपान असेल तर. उपचारानंतर काही वर्षांनी दुसरीकडे नवी शीर फुगू शकते, कारण भिंतीचा स्वभाव तोच राहतो. ते उपचाराचं अपयश नेहमीच असतं असं नाही.

रात्री पोटरीत येणारा गोळा यामुळे असू शकतो, पण एकट्या त्याच्यावरून काही ठरवू नका. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी होते आहे का, याकडे लक्ष ठेवा. न उतरणाऱ्या दाबामुळे तांबड्या पेशी बाहेर झिरपतात आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साठतं, त्याचा तो रंग. तिथे खाज सुटली तर लोक मलमांवर महिने घालवतात आणि मग जखम होते. रंग बदललेला दिसला की तपासणी पुढे ढकलू नका.

फुगलेली शीर ठेच लागून किंवा खाजवून फुटली तर रक्त धारेने येतं आणि माणूस घाबरतो. लगेच आडवं व्हायचं, पाय हृदयापेक्षा वर धरायचा, स्वच्छ कापडाने त्याच जागी घट्ट दाबून धरायचं. वर मांडीला दोरी किंवा पट्टा आवळायचा नाही, त्याने रक्त जास्त येतं. थांबल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. आणि एक पाय अचानक सुजून दुखायला लागला, किंवा त्यासोबत छातीत दुखलं, धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठायचं. तिथे डॉपलरची तारीख मिळायची वाट पाहत बसायचं नाही.